मर्टलला पडदा लागत नाही

मर्टलचा उजवा पाय कधीही निखळून यायचा. तिला कुशीवर वळवली की बाई वळायची, पाय तिथेच. मग तो खोबणीत बसवायचा आणि मागून शिकवणाऱ्या रॅटलिफबाईंचा आवाज यायचा, "पेशंटची माफी माग." मग मी, चारचौघींत उठून दिसणारी घोडी, रबराच्या बाहुलीची माफी मागायची. मर्टल ही आमच्या नर्सिंगच्या वर्गातली सरावाची बाहुली. माणसाएवढी, टकली, आणि तोंड असं की आत्ताच कुणीतरी तिच्या हातच्या स्वयंपाकाला नावं ठेवलीत.

मी व्हर्लीन स्टिल्टनर. केंटकीच्या डोंगरात जन्मले, तिथेच वाढले, आणि पन्नाशीला टेकले तेव्हा पुन्हा बाकावर जाऊन बसले. त्याआधी उभा जन्म गावातल्या डायनरमध्ये वेट्रेस होते. गावची कोळशाची खाण बंद पडली, मागोमाग डायनरला कुलूप लागलं, आणि माझे गुडघे तर त्याच्या आधीच संपावर गेले होते. गावात सगळे म्हणाले, या वयात हिला हे काय सुचलं. म्हणोत. लोकांचं तोंड आहे, मर्टलचा पाय नव्हे, की काढून बाजूला ठेवावं.

खरं कारण आई होती. शेवटच्या वर्षी ती टेकडीवरच्या वृद्धाश्रमात पडून होती. डायनरचं काम उरकून मी जायची तेव्हा रोज एकच गोष्ट दिसायची. बोलावण्याच्या घंटीची, टोकाला बटण असलेली दोरी पलंगाच्या मागे लोंबतेय आणि आई म्हणतेय, "जाऊ दे गं, त्यांना कामं असतात." एकच नर्स होती, साधी प्रॅक्टिकल नर्स, मोठ्या डिग्रीची नव्हे. तिच्या पाळीत दोरी आईच्या उशाशी असायची. मला तशी नर्स व्हायचं होतं. सरकारचं लायसन्स घेऊन, कपड्यावर नावाची पट्टी लावून. दुसरं काही नको होतं.

तर वर्गाची रीत सांगते, कारण तिनेच माझा घात केला. आमच्या खोलीत नळ नव्हता, पडदा नव्हता, आणि मर्टलला पाणी चालायचं नाही, तिच्या शिवणी उसवायच्या. म्हणून जे करता येत नाही ते तोंडाने म्हणायचं. "मी हात धुतले." "मी पडदा ओढला." "पाण्याची ऊब मनगटावर पाहिली." म्हटलं की केलं, रॅटलिफबाई कागदावर खूण करायच्या. बाकीच्या पोरी अडखळायच्या. मी? अहो, मी डायनरमध्ये "आणतेच हं कॉफी" असं म्हणून माणसं तासन् तास बसवून ठेवलेली बाई. कॉफी यायची तेव्हा यायची, पण ऐकणाऱ्याचा जीव आधीच निवायचा. माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की मर्टलसुद्धा बरी होऊन घरी जाईल असं वाटायचं.

रॅटलिफबाई पूर्वी लष्करात नर्स होत्या. उंच, वाळकी बाई, हसण्याचं रेशन लागल्यासारखी. एकदा म्हणाल्या, "व्हर्लीन, तू नर्सिंग फार छान बोलतेस." मला ती शाबासकी वाटली. आठवडाभर मी ती मिरवत होते.

शेवटची परीक्षा त्या टेकडीवरच्या वृद्धाश्रमातच. जिवंत माणसाला पलंगावर आंघोळ घालायची. हात धुणं, पडदा आणि घंटी, या तिन्हींतलं एक जरी चुकलं तर तिथल्या तिथे नापास. फक्त दोन संधी. दुसरी हुकली की वर्गातून नाव कमी, आणि परत कुणी घेणार नाही.

माझ्या वाट्याला आले हॉबर्टकाका. हॉबर्ट मलिन्स, नव्वदीचे, जुने खाणकामगार. अख्खं गाव त्यांना काकाच म्हणतं. डोळे गेलेले, खिडकीतला उजेड तेवढा कळायचा. जीभ मात्र शाबूत होती. आणि या वयात म्हातारा प्रेमात पडला होता. ओपल नावाची एक विधवा चर्चच्या बायकांबरोबर गुरुवारी भजनं म्हणायला यायची, येताना काकांसाठी केळ्याचं पुडिंग आणायची. ओपल यायच्या दिवशी काका दाढी दोनदा करून घ्यायचे.

माझी परीक्षा नेमकी गुरुवारी.

टीव्हीवर बेसबॉल मोठ्याने चालू होता. मी हात धुतले, खरे. नाव सांगितलं. त्यांच्या मनगटावरची नावाची पट्टी वाचली. मग म्हणाले, "काका, आता मी पडदा ओढलाय, कुणाला काही दिसणार नाही, निवांत असा." आणि हवेत हात फिरवला. हवेत! मर्टलपाशी फिरवायची तसाच, डावीकडून उजवीकडे, छान ऐटीत. पडदा बिचारा भिंतीशी गोळा होऊन उभा होता. मी चादर काढली, फडकं भिजवलं आणि काकांना खिडकीकडे तोंड करून वळवलं. म्हणजे दाराकडे काय आलं ते तुम्हीच समजा.

परीक्षा घ्यायला उभ्या असलेल्या रॅटलिफबाई पडद्याकडे झेपावल्याच होत्या, पण दार त्यांच्या आधी उघडलं. सहा बायका, भजनाची पुस्तकं, आणि पुढे ओपल हातात पुडिंग घेऊन. पहिल्या ओळीचा पहिला सूर लागला आणि तिथेच मेला. नुसता बेसबॉल ऐकू येत होता.

"कोण आलंय?" काका म्हणाले. "गाता गाता थांबलात का?"

रॅटलिफबाईंनी पडदा असा खेचला की वरच्या कड्या खणखणल्या. तो आवाज ऐकून काकांचा चेहरा बदलला. हळूहळू, मानेपासून वर, लाल होत गेला. त्यांनी हाताने चादर चाचपली. मी त्यांना पांघरूण घातलं, आणि जन्मात पहिल्यांदा माझ्या तोंडातून शब्द निघेना.

बाहेर व्हरांड्यात रॅटलिफबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मर्टलला पडदा लागत नाही," त्या म्हणाल्या. "मर्टलला लाज नाही. पुढच्या आठवड्यात दुसरी संधी. पेशंट हाच. तो हो म्हणाला तर."

"आणि नाही म्हणाला तर?"

"तर तो शहाणा आहे असं मी समजेन."

घरी जाऊन मी रडले, मग राजम्याचं वरण आणि मक्याची भाकरी खाल्ली, मग पुन्हा रडले. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, आणि मी तो एका आंधळ्या माणसाला वाढून आले होते. मला माझीच शिसारी आली.

तीन दिवसांनी काकांकडे गेले. टीव्ही बंद करून बसले होते.

"काका, मी व्हर्लीन."

"ठाऊक आहे. डायनरची. तुझ्या बुटांचा आवाज येतो चुईं चुईं. बस."

मी बसले. माफी मागण्यासाठी तोंड उघडलं तर त्यांनी हात वर केला.

"आधी माझं ऐक. खाणीत खाली काळोख असतो. मुकादम म्हणाला, 'छताला टेकू लावलाय', की आपण पुढे जायचं. बघता येत नाही, विश्वास ठेवायचा. तसा मी तुझ्यावर ठेवला. तू म्हणालीस पडदा ओढला, माझ्यासाठी पडदा ओढला गेला. मी आपला मजेत, पाय पसरून."

"काका, मला मेल्याहून मेल्यासारखं झालंय."

"व्हायलाच पाहिजे." त्यांनी हनुवटीवरून हात फिरवला. "ओपल काल आली होती."

"काल? काल तर शनिवार."

"तेच. आता शनिवारीही येते म्हणाली." म्हाताऱ्याच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "पण ते तुझं कर्तृत्व नाही, बये. ती देवाची करणी. तुझ्याकडून माझं येणं तसंच बाकी आहे."

मला हसूही आलं आणि रडूही, दोन्ही एकदम नाकातून बाहेर पडलं. मी परीक्षेचं सांगितलं. दुसरी हुकली तर सगळं संपलं हेही सांगितलं, लपवलं नाही.

"होईन मी तुझा पेशंट," ते म्हणाले. "पण एक अट. जे म्हणशील ते मला कळलं पाहिजे. पडदा म्हणालीस तर कड्या वाजव. पाणी कोमट म्हणालीस तर माझं बोट बुडव. कुणाच्याच नुसत्या बोलण्यावर माझा आता भरवसा नाही. माझ्या जावयावर तर आधीपासूनच नव्हता."

परीक्षेच्या दिवशी टीव्ही बंद, दार बंद, रॅटलिफबाई भिंतीला पाठ लावून, हातात कागद. मी बोलायला लागले आणि प्रत्येक बोलण्याची काका वसुली करू लागले.

"पडदा ओढतेय." खणखण.

"अजून एकदा."

पुन्हा खणखण.

"पाणी कोमट आहे."

बोट बुडवलं. "याला कोमट म्हणतात? डायनरमध्ये सूपही असंच थंड द्यायचीस." मी गरम पाणी मिसळलं. पुन्हा बोट. "आता झालं."

"आता पाठ धुते." हात आधी पाठीवर ठेवला, मग फडकं. पाठीवर कोळशाचे निळे डाग होते, कातडीच्या आत गेलेले, कुठल्याही साबणाने न जाणारे. तरी मी ते धुतले. रॅटलिफबाईंची पेन्सिल चालत होती.

सगळं नीट झालं. कपडे घातले, चादर बदलली, पलंग खाली केला. माझ्या अंगातून घाम निथळत होता, पण मनात म्हटलं, जमलं गं व्हर्लीन, काठाला लागलीस. आणि काठाला लागल्या लागल्या माझं डायनरचं तोंड सुटलं.

"आणि ही घंटी तुमच्या हातात दिली, काका. काही लागलं तर दाबा. झालं, मॅडम."

रॅटलिफबाईंनी मान वर केली. त्या उभ्या होत्या तिथून काकांचा हात दिसत नव्हता, चादरीच्या घडीआड होता. "मिस्टर मलिन्स," त्यांनी विचारलं, "घंटी हातात आहे?"

काकांनी मूठ आवळलेली मला दिसली.

"आहे की," ते म्हणाले. "ही काय."

रॅटलिफबाईंची पेन्सिल कागदाकडे गेली. मी पास झाले होते. खरंच, एवढंच उरलं होतं. पाणी ओतायचं, बाहेर पडायचं, आणि कपड्यावर नावाची पट्टी. तेवढ्यात मला ती दोरी दिसली. चादर बदलताना सरकली असावी. पलंगाच्या मागे लोंबत होती, अगदी तशीच.

मला वाटलं, बाई गेल्या की हळूच देईन. कोण बघतंय. मग आईचं "जाऊ दे गं" कानात आलं आणि मला असा संताप आला, माझा, त्या दोरीचा, या मेल्या म्हाताऱ्याच्या चांगुलपणाचाही.

"काका, मूठ उघडा," मी म्हणाले.

"कशाला?"

"उघडा म्हणते ना."

"अगं गाढवे, मी तुला पास करत होतो."

"रात्री काय दाबणार होतात? ती मूठ?"

त्यांनी मूठ उघडली. रिकामी, बोटं वाकडी, नखांत अजून जरा काळं. मी पलंगामागे वाकले, गुडघे कडाडले, दोरी ओढून काढली आणि बटण त्यांच्या तळव्यावर ठेवून त्यांची बोटं त्याभोवती मिटली. मग सरळ उभी राहिले. रॅटलिफबाईंकडे बघायचं धाडस नव्हतं.

"मी 'झालं' म्हणाले होते, मॅडम," मी म्हणाले. "घंटी द्यायच्या आधीच म्हणाले होते. तुम्ही ऐकलंय."

रॅटलिफबाई कागदाकडे बघत राहिल्या. आणि काकांनी अंगठ्याने बटण दाबलं.

दारावरचा दिवा लागला. व्हरांड्यात घंटी वाजायला लागली, टिंग, टिंग, टिंग. कुणी येईना. आश्रमातली नेहमीची नर्स जेवायला गेली असेल. काका दाबतच होते.

रॅटलिफबाईंनी कागद दुमडून खिशात घातला. त्यावर काय लिहिलं ते त्यांनी दाखवलं नाही. दारापाशी जाऊन त्या वळल्या.

"व्हर्लीन, पेशंट बोलावतोय," त्या म्हणाल्या. "इथली नर्स काय बहिरी आहे?"

आणि निघून गेल्या.

मी पलंगापाशीच होते, तरी दोन पावलं पुढे गेले. काय करावं ते कळेना म्हणून मी काकांच्या खांद्यावर हात ठेवला.

"काय हवंय, काका?"

"काही नाही," ते म्हणाले. "कुणी येतं का बघत होतो."