पुष्पाबाईंच्या बटव्याने ऐकलेली जपानी

मित्रांनो, मी पुष्पाबाईंचा कापडी बटवा. आता फार जुना झालो आहे. पिंपळगाव राजाच्या एका शिंप्याने झंपराच्या उरलेल्या तुकड्यांतून मला शिवलं. नोटांना एक कप्पा, चिल्लरला एक, आणि तोंडाशी ओढायची नाडी. त्या दिवसापासून माझी जागा पुष्पाबाईंच्या कमरेला.

पुष्पाबाई विहिरीजवळच्या लहानशा तुकड्यात मेथी, वांगी, मिरची लावायच्या आणि आठवडी बाजारात बसून विकायच्या. नवरा लवकर गेला. मागे एकच मुलगी, संजीवनी. बाजारात माझा मोठा मान होता. कुणाला सुट्टे लागले की सगळे आमच्याकडे यायचे. "पुष्पाबाईच्या बटव्यात चिल्लर हाय म्हंजे हायच," असं म्हणायचे. मी फुगून जायचो.

संजीवनी मोठी झाली, नर्सिंग शिकली. जपानमध्ये म्हाताऱ्या माणसांची काळजी घ्यायला मुली हव्या आहेत, असं तिला कळलं. तिने खामगावला जपानी भाषेचा वर्ग लावला. संध्याकाळी पुष्पाबाई भाकरी थापायच्या आणि ती चुलीजवळ बसून धडे पाठ करायची. एके दिवशी धडा पैशांचा होता. तिने मला आईच्या कमरेवरून ओढून काढलं आणि माझ्यातली नाणी खुळखुळवली.

"आई, म्हन. ओकाने गा आरिमास. म्हंजे पैसे हायेत."

"ओकाने गा आरिमास."

"आता मी इचारते. ओकाने गा आरिमास का?"

पुष्पाबाईंचा हात पिठातच थांबला. "काऊन वं, ते जपानी लोकबी इचारताना शेवटी 'का'च म्हंतात?"

"हाव ना! अन् उत्तर देताना म्हंतात, हाई."

"मंग हे तं आपलंच झालं. पैसे हाय का? हाय!"

दोघी इतक्या हसल्या की तव्यावरची भाकरी करपली. मग संजीवनीने मला उलटं केलं आणि सगळी नाणी परातीजवळ ओतली. "आता म्हन, आरिमासेन. म्हंजे पैसे नाहीत."

"ते नको शिकवू मले," पुष्पाबाई म्हणाल्या. "आपल्याच तोंडानं नाही कायले म्हनाचं?"

तो शब्द त्या शिकल्याच नाहीत.

संजीवनी परीक्षा पास झाली आणि जपानला निघाली. निघताना पुष्पाबाईंनी मला तिच्या हातावर रिकामं केलं.

"आई, तिथं आपल्या नोटा चालत नाहीत वं."

"असू दे. विमानतळापर्यंत चहाले होतील."

त्यानंतर दर रविवारी मोबाईलवर मायलेकी एकमेकींना बघायच्या. आधी पुष्पाबाई विचारायच्या, "तुह्याजवळ ओकाने गा आरिमास का?" संजीवनी हसून सांगायची, "हाई आई, लय आरिमास." मग ती तेच विचारायची आणि पुष्पाबाई तसंच उत्तर द्यायच्या. दर महिन्याला ती आईसाठी बँकेत पैसे पाठवायची. पण त्यातला एक रुपयाही माझ्यात आला नाही. "पोरीच्या संसाराले कामी येतील," असं म्हणून पुष्पाबाई ते तिथेच राहू द्यायच्या.

पुढे त्यांच्या पोटात दुखू लागलं. दुखलं की त्या मला मुठीत घट्ट आवळायच्या, म्हणून मला ते सगळ्यांआधी कळलं. खामगावच्या डॉक्टरांनी अकोल्याला जाऊन तपासण्या करायला सांगितल्या. शेजारचे सहदेव ऑटो चालवायचे. ते दारात येऊन उभे राहिले.

"चला पुष्पाताई, आजच नेतो अकोल्याले."

"मिरचीचा तोडा होऊ द्या, मंग जाऊ."

त्या रविवारी संजीवनीने मोबाईलमध्ये आईला निरखून पाहिलं. "आई, बारीक काऊन दिसून राह्यली?"

"उन्हानं वं."

"दवाखान्यात जाऊन ये. ओकाने गा आरिमास का?"

"हाई! आरिमास."

माझा नोटांचा कप्पा तेव्हा पार रिकामा होता. पुष्पाबाईंनी न शिकलेला तो शब्द, आरिमासेन, मला येत होता हो. पण बटव्याला तोंड असलं तरी आवाज नसतो.

मिरची पुरती तोडून व्हायच्या आधीच पुष्पाबाई बांधावर कोसळल्या. सहदेवांनी त्यांना ऑटोत घालून अकोल्याला नेलं. पोटातली जखम आत फुटली होती. फार उशीर झाला, असं डॉक्टर म्हणाले.

संजीवनी पोहोचली तेव्हा राखसुद्धा सावडून झाली होती. सहदेवांनी मला तिच्या हातात दिलं. तिने नाडी सैल केली आणि आत पाहिलं.

"काका, हा तं रिकामा हाय. मी पाठवलेले पैसे कुठं गेले?"

"बँकेत हायेत पोरी, सगळेच्या सगळे. तिनं हातबी नाही लावला."

संजीवनीने मला मुठीत आवळलं. मग म्हणाली, "मी दिवसातून एकच टाइम जेवत होती काका. आईले जास्त पाठवता यावे म्हनून. अन् तिले सांगत होती, लय आरिमास."

पैसे होते, मित्रांनो. खरंच होते. दोघींपैकी एकीच्याही पोटात गेले नाहीत.

घरी कुणी 'आहे' म्हणालं, की निश्चिंत होऊन फोन ठेवू नका. पुन्हा विचारा. शेजाऱ्याला विचारा. जमलं तर स्वतः जाऊन पाहा.

संजीवनी परत जाण्यापूर्वी घर आवरायला बसली. मातीने आणि घामाने मी कळकट झालो होतो. मला जपून न्यायचं म्हणून तिने साबण लावून मायेने चोळलं, अंगणातल्या दोरीवर वाळत घातलं. वाळल्यावर तिने मला चेहऱ्याशी धरलं. एकदा हुंगलं, परत हुंगलं. मग मला उलटं करून आतून हुंगलं. आणि एकदम ओरडली, "काका, गेला!"

सहदेव धावत आले. "काय गेलं पोरी?"

"आईचा वास."

तिची चूक नव्हती. तरी तुम्हाला विनवतो, मित्रांनो. आपलं माणूस गेलं, तर त्याच्या वस्तू धुवायची घाई करू नका. मळक्या असल्या तर असू द्या. थोडे दिवस तरी.