उतरत्या रेघेचे यंत्र

मी एक जुने भूकंपमापक यंत्र आहे. सध्या तुमच्या प्रयोगशाळेत माझ्यावर कुंडी ठेवली आहे. तक्रार नाही, कुंडी हलत नाही.

मित्रांनो, माझे नाव झाले ते खर्ड्याजवळच्या एका गावात. तिथे भूकंप झाला आणि मला शाळेच्या वर्गात जमिनीला जखडले. नंतरचे धक्के मोजणे हे माझे काम. या धक्क्यांना शिस्त असते. दुसऱ्या दिवशी पहिल्या दिवसाच्या निम्मे, दहाव्या दिवशी दहावा हिस्सा. लहान पुष्कळ, मोठे क्वचित. कागदावरची रेघ उतरत जाते. मात्र हा हिशेब सगळ्यांचा मिळून असतो. त्यातला मोठा केव्हा येईल, ते रेघ सांगत नाही.

ऊसतोडीची टोळी निघाली, तेव्हा तिच्यातला वाल्मिक माझ्या नोंदी ठेवणाऱ्या साहेबांकडे आला.

“सायेब, आईला मागं ठिवून चाललोय. घरात ठिवू का पालात?”

“धक्के खूप कमी झालेत,” साहेब रेघ दाखवत म्हणाले. “पण मोठा येणारच नाही, असं नाही.”

वाल्मिकने पहिले वाक्य उचलले आणि दुसरे तिथेच ठेवले.

त्याची आई कडूबाई पटांगणातल्या पालात बसली होती. “घरातच ठिव,” ती म्हणाली. “अन् माळवदाच्या भेगा बुजव. गळलं तर वर चढायला मी काय वांदर हाय?”

“तुला गळतीचीच काळजी.”

“मग काय तुझी करू? तुला बायको हाय की.”

माळवद म्हणजे दगडमातीच्या भिंतींवर लाकडे आणि त्यांवर मातीचा जाड थर. दर वर्षी वर नवी पांढरी माती टाकायची, जुनी काढायची नाही, ही तिथली रीत. वाल्मिक चांगला मुलगा. त्याने नेहमीच्या दुप्पट माती वर चढवली, बडवून घट्ट केली, आईच्या पाया पडला आणि ट्रॅक्टरमध्ये बसला.

टोळी फडात पोचली नसेल, तोच मोठा धक्का आला. मी नोंदला. पाठोपाठ एक बारीक थरथर आली. तीही नोंदली.

मोठा धक्का साहेबांच्या हिशेबात चपखल बसला. वरच्या कचेरीतून माझे कौतुक आले. थरथरीपुढे साहेबांनी लिहिले, ‘माळवद कोसळल्याचा हादरा. भूकंप नव्हे. वगळावे.’

कडूबाई त्या माळवदाखाली होती.

मित्रांनो, जुन्या यंत्रांची निगा राखा. कोणी धोका सांगत असेल, तर त्याला दुसरे वाक्यही बोलू द्या. आणि म्हातारीला घरात ठेवण्याआधी तिच्या डोक्यावर किती माती आहे, ते बघा. मला वर चढून माती उतरवता येत नाही. तुम्हाला येते.