कोळीकिडीचा पाडवा

माणसं घरात कुत्रं पाळतात, मांजर पाळतात. मी मुलुंडच्या आमच्या गॅलरीत कीड पाळली होती. चहाच्या झुडपांवर पडणारी लाल कोळीकीड. टाचणीच्या टोकाएवढी, पण पानांतला रस शोषून अख्खा मळा तांबडा करून टाकणारी. पवईला आमच्या प्रयोगशाळेच्या शेडचं छप्पर दुरुस्तीला काढलं आणि भीमराज सरांनी सगळ्या कुंड्या माझ्या गळ्यात मारल्या.

प्रयोग सोपा होता. भिंतीकडच्या रांगेवर टणटणीच्या पाल्याचा अर्क फवारायचा, कठड्याकडच्या रांगेवर नुसतं पाणी. अर्काच्या रांगेतली कीड मरायला हवी आणि पाण्याच्या रांगेतली जगायला हवी, तरच अर्काने काम केलं असं म्हणता येतं. फवारल्यावर आठवडाभर झाडांना हात लावायचा नाही, हा सरांचा दंडक. फरक दिसला तर ते मला आसामच्या मळ्यात खऱ्या प्रयोगासाठी पाठवणार होते, आणि आसामसाठी माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

टणटणीच्या वासापायी आईने मिक्सरचं एक भांडं कायमचं माझ्या नावावर करून टाकलं. बाबांची तक्रार वेगळीच. बाबा म्हणजे विद्याधर मास्तर. शाळेतून निवृत्त झाले, पण वर्ग काही सुटला नाही.

"ह्या रांगेला औषध आणि त्या रांगेला नुसतं पाणी? हा पंक्तिप्रपंच आहे, मधू."

"बाबा, त्याला तुलना म्हणतात."

"माझ्या वर्गात असली तुलना कधी चालली नाही."

"तुम्ही फक्त हात लावू नका ना, प्लीज."

"मी कशाला हात लावतोय?"

मास्तरांचा शब्द म्हणून मी निर्धास्त राहिले. तिथेच माती खाल्ली.

त्याच आठवड्यात पाडवा आला. सुट्टी म्हणून मी लोळत पडले होते. "ऊठ गं! कडुलिंबाच्या पाण्याची तुझी बादली ठेवलीये, थंड होईल!" बाबा दाराबाहेरून ओरडत होते. मी चिडचिड करत उठले, आंघोळ उरकली आणि दिवसभर केसांतून कडुलिंबाची पानं काढत बसले.

आठवडा संपला आणि सर भिंग घेऊन हजर झाले. अर्काची रांग पाहिली, कीड साफ. मी मनातल्या मनात बॅग भरायला घेतली. मग पाण्याच्या रांगेतली पहिली कुंडी पाहिली. तीही साफ. दुसरी, साफ.

"मधुवंती, नुसत्या पाण्यानेच कीड मरत असेल तर टणटणी हवी कशाला?"

आसामचं तिकीट माझ्या डोळ्यांदेखत फाटलं. तेवढ्यात बाबा चहाचा ट्रे घेऊन आले.

"नुसतं पाणी कसं असेल?" ते म्हणाले. "पाडव्याला घरात कोणी कडुलिंबाशिवाय राहतं का? ह्या बिचाऱ्यांना तांब्या-तांब्याने आंघोळ घातली मी. डोक्यावरून."

"बाबा! वाट लावलीत तुम्ही माझी!"

सर सभ्य माणूस. कप उचलून ते कठड्याबाहेर बघायला लागले. मी मात्र पेटले होते. "सगळ्यांना घातलीत? एकही सोडली नाहीत?"

खाऊ वाटताना एक पोर राहून जावं तसा बाबांचा चेहरा पडला. "नाही गं. कोपऱ्यातली ती एक राहिली. पाणी पुरलं नाही."

"पुरलं नाही म्हणजे? पातेलंभर तर उकळलं होतं."

"शेवटची बादली तुझी होती. तू उठायची होतीस अजून. ती कशी घेणार?"

केसांतली ती पानं आठवली आणि मेलं रडूच आलं.

सरांनी कोपऱ्यातल्या कुंडीला भिंग लावलं आणि मोठ्याने हसले. "बुजबुजलीये नुसती! ह्या एका कुंडीतून सगळ्या झाडांवर पुन्हा कीड सोडता येईल. प्रयोग पहिल्यापासून करू. आसाम कुठे पळून जात नाही. आणि मास्तर, ह्या खेपेला कडुलिंबाचीही एक रांग ठेवू."

बाबा खूश झाले. मग एकदम गंभीर होऊन त्यांनी विचारलं, "आणि नुसत्या पाण्याच्या रांगेला?"

"काही नाही," मी डोळे पुसत म्हटलं. "त्यांना काहीही द्यायचं नाही, बाबा."

बाबांनी त्या रांगेकडे पाहिलं.

"मग दिवाळीच्या आत आटप," ते म्हणाले. "अभ्यंगस्नानाला मी कोणाला वगळणार नाही."