सुकदेवची नक्कल

साठीच्या सुकदेवने आठ दिवस तोंडाला कुलूप लावलं होतं. अर्धांगाने उजवी बाजू गेली, वाचा गेली; पण गिळता येतंय, असं डॉक्टर म्हणत होते. खायचं नाही हा त्याचा हट्टच होता. असंच चाललं तर नाकातून नळी, असंही त्यांनी बजावलं. कोसाडच्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये अशी नळी लागलेला एक म्हातारा होता. ती निघाली ती त्याला चितेवर न्यायच्या दिवशीच. सुंदराने, म्हणजे सुकदेवच्या बायकोने, ते डोळ्यांनी पाहिलं होतं. तिचा जीव टांगणीला लागला होता.

ती ओरडून ओरडून विनवायची. पण तीस वर्षं कापड कारखान्यात लूमच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटात काढलेल्या माणसाला काय ऐकू जाणार? कारखान्याने त्याचे कान केव्हाच खाल्ले होते.

मग एका सकाळी रातपाळी उतरून भटू आला. बावीस वर्षं दोघांचे लूम समोरासमोर. त्याने ना विचारपूस केली, ना हळहळला.

"भाबी, आमना कारखानामा कोणलेच ऐकू येत नही. आमी हातवरी बोलतस," म्हणाला आणि खाटेसमोर उभा राहून कारखान्यातला मास्तर झाला, कामगारांवर देखरेख करणारा. ढेरी पुढे, पँट वर ओढत ताग्यात डाग शोधणारा, शेठ आला म्हणून तोंडातली तंबाखू गिळून टाकणारा मास्तर. आवाज अजिबात नाही. सुकदेवचा डावा गाल हलला, मग खांदे हलले, आणि तोंड उघडलं. तो हसून थांबताच सुंदराने खिचडी भरवली. अर्धी वाटी गेली.

चार दिवस हे चाललं. डॉक्टरही नळीचं नाव काढेनात. पाचव्या दिवशी गावी भटूचा भाऊ वारला आणि तो तेरा दिवसांसाठी गेला. सुकदेवचं तोंड पुन्हा बंद. डॉक्टर म्हणाले, आता उद्या नळी.

सुंदराला मास्तर कुठला ठाऊक? कारखान्यात तिने कधी पाऊल टाकलं नव्हतं. ती एकाच माणसाला पुरती ओळखत होती, आणि तो समोर पडला होता. तिने त्याचीच नक्कल केली.

पदर खोचून ती दारातून आत आली, चपला दोन दिशांना भिरकावत. जेवायला बसली. घास चाखला, कपाळाला आठ्या, भाजीत मीठ नाही. नसलेलं ताट भिंतीवर उडवलं. सुकदेवचा गाल थरथरला तसा तिला चेव आला. डोळे वटारून तिने हात उगारला. तो त्याच्या तोंडावर येऊन थांबला. आपण आता खरंच मारतो की काय, असं तिला वाटलं.

सुकदेवने डावं कोपर कपाळावर घेतलं. मान भिंतीकडे, डावा गुडघा पोटाशी, दातांत पांघरुणाचं टोक. तिला वाटलं, भ्याला. मग ते टोक दिसलं. शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून ती असाच पदर दातांत धरायची. तो तिची नक्कल करत होता, आणि एकही खूण चुकली नव्हती.

म्हणजे याने सगळं पाहिलं होतं. दरवेळी, नीट पाहिलं होतं.

तिला हसू फुटलं. खाटेची कड धरून ती खाली बसली, आणि हसता हसताच तिला इतका संताप आला की वाटी तिने खसकन उचलली. सुकदेव हसत होता की रडत, अर्ध्या तोंडावरून कळेना. पांघरूण सुटलं तरी तोंड उघडंच राहिलं.

"खाई ल्या," ती म्हणाली. आज ती ओरडली नाही.

त्याने वाटी संपवली. हनुवटीवरून खिचडी ओघळत होती. रोजच्यासारखी ती तिने पदराने पुसली नाही.