आठ दिवस बंद

ग्रंथपाल बाईंना सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नसे; पण विद्यापीठाची कुठली भिंत कुठल्या साली उभी राहिली ते विचारा, घडाघडा सांगत. म्हणून इमारतींचा इतिहास लिहायला घेतलेली तरुण प्राध्यापिका महिनाभर रोज त्यांच्या घरी येत होती.

बाईंचे यजमान त्याच ग्रंथालयात बाइंडर होते. सगळे त्यांना बाइंडरकाका म्हणत. तुमच्या हातांचा खळीचा वास काही जात नाही, असं बाई पूर्वी चिडवायच्या. आता कधीकधी त्यांनाच विचारत, "तुम्ही कोणाकडे आलात?" त्यामुळे मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू झालं की काका दाराशी स्टूल टाकून बसत. तासभर का होईना, जुनी बायको परत मिळे.

"पहिले वर्ग पिठाच्या गोदामात भरले," बाई सांगत. "मुलं पांढरीफटक होऊन घरी जायची. दगडी इमारत नंतरची. ग्रंथालय तिच्यामागे, तबेल्याच्या जागेवर. पुस्तकं आली तरी वर्षभर माश्या काही हटेनात!"

एके दिवशी प्राध्यापिकेने जुनी नोंद काढली. "बाई, चाळीस वर्षांपूर्वी ऐन परीक्षेत ग्रंथालय आठ दिवस बंद होतं. का हो?"

"छत गळत होतं," बाई पटकन म्हणाल्या.

त्या दिवशी काका स्टुलावरून उठले. ते प्राध्यापिकेला फाटकापर्यंत सोडायला गेले.

"छत नव्हतं गळत. आमची छबी गेली. सहा वर्षांची. शाळा सुटली की तिथेच खेळायची. वरच्या सज्जाचा कठडा…" त्यांनी फाटकाची कडी काढली. "सगळ्यांनी मिळून कुलूप लावलं होतं."

"मी ती ओळ बदलते, काका."

"नको. छतच राहू द्या. पुस्तक मी तिला वाचून दाखवणार आहे. हे तिला दुसऱ्यांदा कोण सांगणार?"

सहा महिन्यांनी पुस्तक छापून आलं. काका रोज दोन-चार पानं वाचत, बाई मान डोलावत. त्या पानावर मात्र त्यांनी हात वर केला.

"थांबा. छत नव्हतं हो." त्यांचा हात खाली आला आणि खुर्चीशेजारी, कमरेएवढ्या उंचीवर, हवेतच कुणाला तरी चाचपू लागला. "मग काय झालं होतं?"

चाळीस वर्षं दोघांनी ते ओझं मिळून वाहिलं होतं. खरं सांगितलं असतं, तर घटकाभर तरी सोबत मिळाली असती. शब्द ओठांपर्यंत आले.

"छतच गं," काका म्हणाले. "तूच माणसं बोलावून दुरुस्त करून घेतलंस."

"हो का? बरं केलं मी. मुलं खालीच बसायची ना अभ्यासाला."

काकांनी पान उलटलं. पुढच्या एकाच ओळीवर ते तीनदा अडखळले.

"अहो, नीट वाचा की," बाई म्हणाल्या.