फिलोमेनाची निवड

"अगं ए, खाट कशाला उलथतेस? सुनेनं आत्ताच अंथरूण घातलंय त्यावर!" म्हातारी दोन्या पेत्रोना दारातून ओरडली.

"आजी, विंचुका अंथरुणाच्या आसऱ्यालाच बसतो. अंगणात शोधून काय मिळणार?" फिलोमेना म्हणाली आणि खाटेमागच्या कुडाच्या भिंतीवर तिनं विजेरीचा झोत टाकला. एका भेगेत चिमटा घालून तिनं एक चपटा काळा किडा बाहेर ओढला, काचेच्या नळीत टाकला आणि म्हातारीच्या डोळ्यांसमोर धरला. "हा बघा तुमचा पाहुणा. पोट फुटेस्तोवर रक्त प्यायलाय. कोणाचं, ते तुम्हीच ओळखा."

"माझंच असणार. ह्या घरात फुकट पाजणारी दुसरी आहेच कोण?"

चुलीपाशी युकाचे कंद सोलत बसलेली सून फिसकन हसली. फिलोमेनालाही हसू आवरलं नाही.

बोलिव्हियाच्या चाको भागातल्या ताकुआरेंदा आणि आसपासच्या वाड्यांवर फिलोमेना चांगारायला ओळखत नाही असं माणूस नव्हतं. पाठीवर फवारणीची टाकी, हातात विजेरी, पायात मातीनं माखलेले बूट. झोपलेल्या माणसाला विंचुका चावतो, त्याच्या विष्ठेतून चागासचा आजार अंगात शिरतो, आणि मग वर्षानुवर्षं गप्प बसून राहतो. माणूस नाचतो, नांगरतो, लेकरं वाढवतो, आणि एके दिवशी कळतं की काळीज आतून सुजून गेलंय. फिलोमेनाची आई मक्याची कणसं मोडता मोडता बांधावर टेकली ती उठलीच नाही. फिलोमेना तेव्हा सुक्रेला खाणावळीत भांडी घासून जीवशास्त्र शिकत होती. पदवी हातात पडल्यावर शहरात चांगली नोकरी मिळत असतानाही ती परत आली, आणि तिनं ही टाकी पाठीला लावली.

"फवारून झालं," ती म्हणाली. "आता नातवंडांचं रक्त तपासायचं राहिलं. लहानपणी कळलं तर औषध लागू पडतं, आजी. मोठेपणी तेवढी खात्री नाही."

म्हातारीचा चेहरा एकदम बंद झाला. "तपासणी नको."

"का पण?"

"माझा लेक गॅस कंपनीच्या पाइपलाइनवर कामाला आहे. ह्या घरात हा रोग आहे असा बोभाटा झाला, तर त्यालाही रक्त द्यायला लावतील आणि घरी बसवतील. तुझ्या भावाला नाही बसवलं? आणि तुझं काय जातंय गं सांगायला? तुझ्या अंगात थोडाच आहे तो!"

नळीचं बूच फिलोमेना उगाच पुन्हा पुन्हा दाबत राहिली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. गावातल्या इस्पितळातल्या तरुण डॉक्टर, खिमेना आर्से, बोलत होत्या.

"फिलोमेना, आधी कुठंतरी बसून घ्या. बसलात? लंडनहून उत्तर आलंय. मुलाखतीला बोलावलंय तुम्हाला!"

ती उलथलेल्या खाटेच्या काठावरच बसली.

लंडनच्या त्या विद्यापीठाचं नाव साथीच्या रोगांवर काम करणारा जगातला प्रत्येक माणूस आदरानं घेई. परदेशी विद्यार्थ्यांसाठी तिथं दरवर्षी मोजक्या शिष्यवृत्त्या असत. शिकवणीची फी, विमानाचं तिकीट, राहणं, जेवण, सगळं त्यांच्याकडे. तुम्ही फक्त डोकं घेऊन यायचं. अर्ज मात्र जगभरातून पडत. आदल्या वर्षी फिलोमेनाचा अर्ज पहिल्याच चाळणीत गळला होता. तिचं इंग्रजी कच्चं होतं. तेव्हापासून स्वयंपाक करताना रेडिओवरचे इंग्रजीचे धडे लागलेले असत, आणि ती मक्याचं पीठ मळत त्यातली वाक्यं मोठ्यानं म्हणे. तिची मुलगी आरासेली तिच्या उच्चारांची नक्कल करी.

त्या संध्याकाळी नवरा तेओफिलो पंक्चरचं दुकान बंद करून आला. बातमी ऐकून त्यानं येर्बाच्या कडू चहाचा पेला तिच्यापुढे सरकवला. तिनं नळीतून पहिला घोट घेतला.

"वर्षभर?" त्यानं विचारलं.

"मिळाली तर. अजून कशात काही नाही."

"मिळणार. तुझ्यासारख्या चिवट माणसाला नाही म्हणायची त्यांची काय छाती?" मग मान खाली घालून म्हणाला, "भात करपवीन, पण पोरीला उपाशी ठेवणार नाही. तू जा."

"आणि मला कोणी रक्ताचं विचारलं तर?"

तेओफिलोनं पेला तिच्या हातातून घेऊन हळूच खाली ठेवला. ती गोष्ट त्या घरात दोघांनाच ठाऊक होती. सुक्रेला शिकत असताना एका मैत्रिणीच्या वडिलांसाठी फिलोमेना रक्त द्यायला गेली, आणि ते घेतलं गेलं नाही. तिच्याही अंगात चागास होता. आईकडून बाळालाही तो होतो, म्हणून आरासेली जन्मली तेव्हा तिची तपासणी करून घेतली; ती सुटली होती. बाहेर मात्र डॉक्टरांखेरीज त्यांनी कोणाला सांगितलं नाही. चाकोत कोणीच सांगत नसे.

डॉक्टर खिमेनांना ते माहीत होतं, आणि त्यांचं मत पक्कं होतं. "ते विचारणार नाहीत. तुम्हीही काढू नका. निवडताना माणसं आजारी उमेदवाराला बाजूला सारतात, फिलोमेना. अन्याय आहे, पण सारतात. आधी निवड होऊ द्या, मग बघू."

मुलाखत डॉक्टरांच्या खोलीत, संगणकासमोर झाली. फिलोमेनानं लग्नातला पांढरा सदरा घातला होता. पडद्यावर तिघं होती; मध्ये पांढऱ्या केसांच्या एक बाई. सुरुवातीचे प्रश्न सुरळीत गेले. किडे कोणत्या भिंतींत जास्त, फवारणी कोणत्या ऋतूत, ती घडाघडा बोलली. इंग्रजी अडखळलं तिथं तिनं हातांनी भिंत उभी केली आणि तिघंही हसली. काचेच्या दाराबाहेर उभ्या डॉक्टरांनी अंगठा उंचावला.

मग पांढऱ्या केसांच्या बाईंनी विचारलं, "तुम्ही लिहिलंय की लोक तपासणीला येत नाहीत. का येत नाहीत?"

उत्तर पाठ होतं. गावं लांब, रस्ते वाईट, आजाराची माहिती कमी. फिलोमेनानं "गावं लांब आहेत" इतकं म्हटलं आणि ती थांबली. दोन्या पेत्रोनाच्या दारातून इस्पितळाचं छप्पर दिसत होतं. आणि आजाराची माहिती? त्या म्हातारीनं दोन दीर आणि एक मुलगी त्यात पुरली होती.

"हे खरं नाही," फिलोमेना म्हणाली. "त्यांना सगळं माहीत आहे. ते घाबरतात. आजार कळला की काम जातं, सोयरीक मोडते. मला कसं माहीत, विचाराल, तर मीही त्यांच्यातलीच आहे. माझ्या रक्तात चागास आहे. इतकी वर्षं मी दारोदार जाऊन लोकांना तपासा म्हणून सांगते, आणि माझं स्वतःचं लपवते. मला तिथं येऊन हे शिकायचंय, की आजार कळल्यानं माणसाचं नुकसान होणार नाही अशी तपासणी कशी उभी करायची."

दाराबाहेर डॉक्टरांनी कपाळावर हात मारून घेतला.

पडद्यावरच्या तिघांतला एकजण सावकाश म्हणाला, "तुमच्या प्रकृतीला हे वर्ष झेपेल?"

"आज माझं काळीज चांगलं आहे. पुढचं कोण सांगणार? म्हणून तर मला घाई आहे."

मुलाखत संपल्यावर डॉक्टर आत आल्या. रागावायचं की जवळ घ्यायचं, ते त्यांना ठरवता येईना. "काय केलंत हे!" एवढंच त्या म्हणाल्या.

"परक्यांना सांगितलं," फिलोमेना म्हणाली. "आता घरच्यांना सांगायलाच हवं."

दुसऱ्या दिवशी टाकी न घेता ती दोन्या पेत्रोनाच्या अंगणात जाऊन बसली. म्हातारी मका पाखडत होती.

"आज काय उलथायला आलीस?"

"आजी, त्या दिवशी तुम्ही म्हणालात, तुझ्या अंगात थोडाच आहे. आहे. कॉलेजात असतानाच कळलं. मी बोलले नाही."

म्हातारीच्या हातातलं सूप थांबलं. तिनं फिलोमेनाकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं, जणू आत्ताच पहिल्यांदा बघत होती. "तुलाही? आणि हे ओझं घेऊन तू आमच्या भिंती कोरत फिरतेस?" तिनं सूप बाजूला ठेवलं. मग सुनेला हाक मारून म्हणाली, "पोरांचे कपडे धुऊन ठेव. सोमवारी इस्पितळात जायचंय. आणि माझाही तो चांगला झगा काढून ठेव."

सोमवारी म्हातारी एकटी आली नाही. वाटेतल्या प्रत्येक दारात थांबून तिनं बायकांना बाहेर काढलं होतं. "फिलोमेनाला आहे, ती लाजत नाही, तुम्ही कसल्या लाजता गं?" म्हणत. इस्पितळाच्या अंगणात बायका-पोरांची एवढी गर्दी झाली की डॉक्टर खिमेनांना टेबल बाहेर झाडाखाली मांडावं लागलं. पेत्रोनाच्या धाकट्या नातवाच्या रक्तात आजार निघाला. तो औषधानं बरा होण्याच्या वयाचा होता. म्हातारीच्याही रक्तात निघाला, आणि तिचं हृदय केव्हाच मोठं झालेलं होतं. ऐकून ती म्हणाली, "माझं मोठंच होतं पहिल्यापासून. पोराचं बघा." तिच्या लेकाला कामावर कोणी काही म्हणू नये म्हणून डॉक्टर आणि फिलोमेना दोघी कंपनीच्या कचेरीत जाऊन बसल्या आणि ह्या आजारापायी कोणाला कामावरून काढता येत नाही, हा कायदा साहेबाला समजावूनच उठल्या. त्याचं काम राहिलं.

लंडनचा होकार आला तेव्हा फिलोमेना एका छपरावर चढलेली होती. खालून डॉक्टर ओरडून सांगत होत्या आणि तिला ऐकू येत नव्हतं. शेवटी शेजारपाजारच्यांनी मिळून ओरडून सांगितलं. जाण्याआधी हृदयाची तपासणी झाली, चांगली निघाली.

"मी तुम्हाला गप्प राहायला सांगितलं होतं," डॉक्टर विमानतळावर म्हणाल्या.

"माझ्या भल्यासाठीच सांगितलं होतंत," फिलोमेना म्हणाली, आणि आरासेलीच्या वेणीची रिबन पुन्हा एकदा बांधत राहिली, ती सुटलेली नसतानाही.

लंडनमध्ये पहिले काही महिने तिला नुसती झोप यायची. दिवसभर परक्या भाषेत ऐकून डोकं भणभणायचं. तरी ती पहिल्या बाकावर बसायची आणि न कळलेलं निर्लज्जपणे पुन्हा विचारायची. हळूहळू वर्गातली इतर मुलं तास संपल्यावर तिच्याभोवती जमू लागली. पुस्तकात नसलेलं तिला विचारू लागली.

एका सकाळी तेओफिलोचा फोन आला. नेहमीसारखा भाताचा विनोद त्यानं केला नाही. "पेत्रोनाआजी गेली," तो म्हणाला. "कोंबड्यांना दाणे टाकत होती. कोणाला हाकही मारली नाही. नातवाचं औषध मात्र पुरं झालं, फिलो. ते बघून गेली."

त्या दिवशी प्रयोगशाळेत चागासच्या तपासणीच्या पट्ट्यांचं प्रात्यक्षिक होतं. न जावंसं वाटत असूनही ती गेली. सरांनी सगळ्यांना पट्ट्या वाटल्या. ज्याला इच्छा असेल त्यानं स्वतःच्या बोटाला सुई टोचून थेंब टाकावा, असं सांगितलं. "एकच रेघ येईल," ते म्हणाले. "आजार असता तर दोन आल्या असत्या. ते मी तुम्हाला चित्रात दाखवतो."

फिलोमेनानं बोट टोचलं. पहिली रेघ उमटली. थोड्या वेळानं तिच्या खाली दुसरी आली, आधी फिकट, मग ठळक. शेजारी बसलेल्या नेपाळी मुलीनं ती पाहिली आणि तिचा हात तोंडावर गेला.

"सर," फिलोमेना उभी राहून म्हणाली, "चित्र नको. इथं आहे."

मागच्यांना बसल्या जागेवरून नीट दिसत नसावं. म्हणून तिनं पट्टी तळहातावर घेतली आणि बाकांमधून हळूहळू शेवटच्या रांगेपर्यंत ती चालत गेली, प्रत्येकापाशी थांबत.