रडकीची तिसरी तार

भिंतीवरची पाचही वाद्यं नव्यासारखी चकाकत होती आणि ते बघूनच धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला.

"पॉलिश केलं, तारा बदलल्या," दादा कौतुकानं म्हणाला. "पाचही एकाच सुरात लावून दिली दुकानदारानं, मोबाइलवर तपासून. आधी एकाचा दुसऱ्याशी मेळच नव्हता."

"नव्हताच! म्हणून तर पाच होती ना, दादा!"

बाबांनी जन्मभर गावोगाव गाणी गायली. गाणं बदललं की तारांचे सूर बदलायचे, आणि लोकांसमोर खुंट्या पिळत बसायला नको म्हणून त्यांनी पाच वाद्यं पाच तऱ्हांनी लावून ठेवलेली. प्रत्येक खुंटीवर सुराच्या खुणेचा दोरा.

"दोरे कुठायत?"

"ते मळकट? टाकले."

याची अक्कल कुठे चरायला गेली होती? चार वाद्यांचे सूर धाकटीला पाठ होते. पाचवं वाद्य म्हणजे रडकी, मयताच्या गाण्यांची. ती शिकवायला बाबा कायम टाळाटाळ करायचे. "तिची कसली घाई?" म्हणायचे. आता अर्धांगाच्या झटक्यानं त्यांची वाचा गेली होती, उजवा हातही. रडकीचा सूर जगात दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हता.

धाकटी रडकी घेऊन बाबांच्या खाटेशी बसली. पहिली तार छेडली. बाबांच्या कपाळाला आठी पडली. तिनं सूर उतरवला. आठी गेली.

लहानपणी याच आठीनं तिला रडवलं होतं. आज तीच कामी येत होती. तासाभरात दोन तारा लागल्या.

तिसरी मात्र ऐकेना. चढवली तरी आठी, जरा उतरवली तरी आठी. शेवटी ती भडकली.

"वेळेवर शिकवलं असतं तर ही पाळी आली असती का? सगळं स्वतःपाशी दाबून ठेवायचं! हट्टी कुठले!"

रागाच्या भरात तिनं खुंटी फर्रकन उलटी फिरवली आणि तार छेडली. खोल, घोगरा आवाज निघाला.

दारातून दादा म्हणाला, "हे तर साफ बेसूर झालं."

बाबांचं कपाळ कोरं होतं. डावा हात सरपटत आला आणि खुंटीवर घट्ट बसला. मग त्यांनी तारांकडे बोट केलं. वाजव.

ते स्वतःच्याच मयताचं गाणं मागतायत हे धाकटीला कळलं, आणि तिचं डोकं पुन्हा फिरलं. तिनं ओढणीचा दोरा तोडून खुंटीला करकचून बांधला, रडकी भिंतीवर टांगली आणि वळून बापावर खेकसली,

"आत्ता नाही वाजवणार मी ही. कळलं? तुम्हीच म्हणायचात ना, तिची कसली घाई!"